मॅडिसनच्या कॉलेजातला बुरूजवाला गोठा पाडत का नाहीत?

ताई, तुमचा प्रश्न परत एकदा सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा मुलगा अमेरिकेत मॅडिसनला, विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीत शिकतोय, त्याने फोटो पाठवलाय, कॅम्पसमध्ये एक जुनी इमारत आहे, उंच उतरतं छप्पर आणि एका बाजूला टोकदार टोपी घातलेला गोल बुरूज, तुम्हाला वाटलं चर्च असेल नाहीतर कुणाचा वाडा, आणि तो म्हणतो आई हा गाईंचा गोठा होता. आत आता गाई नाहीत, तरी पाडत नाहीत, उलट राष्ट्रीय स्मारक केलंय. तुम्ही विचारलंत की गोठ्यात असं काय घडलं असणार, आणि घडलंच असेल तर आम्हाला कुणी का सांगितलं नाही.

मी जनावरांचा डॉक्टर, नोकरीची ३४ वर्षं सांगली, जत, आटपाडी, सांगोला याच पट्ट्यात गेली, आणि मुलगी मॅडिसनला होती म्हणून तो गोठा मी दोन वेळा बाहेरून निवांत फिरून बघितलाय. थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी बुरुजाचं सांगतो कारण सगळे तिथेच फसतात. तो बुरूज म्हणजे मुरघासाची, म्हणजे हवा कोंडून आंबवून टिकवलेल्या हिरव्या वैरणीची कोठी, सायलो. आपल्याकडे मुरघास आत्ता आत्ता घराघरात आला, बॅगा भरतात, खड्डे करतात, आणि ज्यांनी चौकोनी खड्डा करून मुरघास केलाय त्यांना माहितीये की नुकसान कुठे होतं, कोपऱ्यात. मधला माल पिवळसर, आंबूस गोड वासाचा, गाय तुटून पडते, आणि कोपऱ्यातला काळा पडलेला, पांढरी बुरशी धरलेला, हातात घेतला तर चिकट. कारण कोपऱ्यात पायाने कितीही तुडवलं तरी दाब बसत नाही, हवा राहते. हीच गोष्ट तिथे फ्रँकलिन किंग नावाच्या प्रोफेसरने १८८० च्या दशकाच्या शेवटी धरून ठेवली, तेव्हा अमेरिकेत पण सायलो चौकोनीच असायचे, त्याने सांगितलं गोल करा, कोपराच नको. आज अमेरिकेच्या कुठल्याही शेताच्या फोटोत ते उंच गोल सायलो दिसतात ना, त्या गोलपणाचा मोठा प्रचार या माणसाने केला. तुमच्या मुलाच्या फोटोतला बुरूज दिसायला राजेशाही असला तरी त्याचं मूळ काम वैरण कुजू न देणं एवढंच.

किंगने दुसरी गोष्ट केली ती हवेची. विस्कॉन्सिनच्या थंडीत पारा उणे वीसच्याही खाली जातो, त्यामुळे गोठा बंद ठेवावा लागतो, आणि बंद गोठ्यात पन्नास जनावरं बांधली की काय होतं ते गोठ्यात झोपलेल्या माणसालाच विचारा, मूत, शेण, श्वासाची वाफ, भिंतीला पाणी सुटतं, जनावर खोकायला लागतं. खिडकी उघडली तर ऊब गेली. किंगची युक्ती अशी की ताजी हवा बाहेरून भिंतीच्या खालच्या भोकातून घ्यायची पण भिंतीच्या आतल्या आत वर चढवून छताजवळ सोडायची, आणि घाण गार हवा जमिनीजवळून ओढून धुराड्यासारख्या उंच नळीतून छपराच्या वर काढायची. पंखा नाही, मोटर नाही, जनावरांच्या अंगाच्या उबेवर सगळं चालतं. या गोठ्यात ही पद्धत बसवलेली होती. आपल्याकडे हा प्रश्नच नाही, आपला गोठा तीन बाजूंनी उघडा, आपल्याला पत्रा तापतो ही काळजी. पण हल्ली मोठ्या हौसेने चारी बाजूंनी भिंती बांधून आत कूलर लावणारे शेतकरी बघतो तेव्हा किंगसाहेबांची आठवण होते.

गोठा बांधला १८९७-९८ मध्ये. आर्किटेक्ट जेनिंग्स. फ्रान्समधल्या नॉर्मंडीकडच्या जुन्या शेतवाड्यांसारखं रूप मुद्दाम दिलं. गोठ्याला एवढा नटवायचं कारण काय, तर तो दाखवायचा गोठा होता. याच्या मागे विस्कॉन्सिनची सगळी शेतीची कहाणी आहे. १८६० च्या सुमारास हे राज्य गव्हाचं, देशात दुसऱ्या नंबरला गहू पिकवायचं. गव्हावर गहू, गव्हावर गहू, जमिनीचा कस गेला, वर चिंच बग नावाच्या किडीने (आपल्या चिंचेशी काही संबंध नाही) उभी पिकं शोषून टाकली, आणि शेतकरी उघड्यावर आले. तेव्हा हॉर्ड नावाचे एक पेपरवाले गृहस्थ, पुढे राज्याचे गव्हर्नर पण झाले, ते गावोगाव सांगत सुटले की गहू सोडा, गाय धरा. १८७२ ला डेअरीवाल्यांची संघटना काढली. पण शेतकरी कुठलाही असो, तो म्हणणार गाय सांभाळणं बायकांचं काम, कॉलेजातले लोक काय शिकवणार आम्हाला. म्हणून कॉलेजने थंडीत शेतातलं काम नसतं तेव्हा शेतकऱ्यांच्या पोरांसाठी छोटे कोर्स काढले, १८९० ला डेअरी स्कूल काढलं, आणि मग हा गोठा, की या, बघा, गाय अशी बांधायची, वैरण अशी ठेवायची, हवा अशी खेळवायची.

आता बॅबकॉक. हे नाव तुमच्या मुलाला नक्की माहिती असणार कारण कॅम्पसमधलं फेमस आइस्क्रीम बॅबकॉक हॉलमध्ये मिळतं. स्टीफन बॅबकॉक हे केमिस्ट, १८८८ ला न्यूयॉर्कहून आले. तेव्हा क्रीमरीत, म्हणजे दूध गोळा करून लोणी काढायच्या कारखान्यात, दूध वजनावर घ्यायचे. वजनावर म्हटल्यावर जो पाणी घालतो तो शहाणा आणि जो घट्ट दूध आणतो तो येडा, आणि रोज क्रीमरीच्या दारात भांडणं. बॅबकॉकने १८९० ला दुधातली फॅट मोजायची सोपी टेस्ट काढली. मान लांब असलेल्या काचेच्या बाटलीत ठरावीक दूध घ्यायचं, त्यात तेवढंच जवळपास सल्फ्युरिक ॲसिड, ॲसिड बाकी सगळं जाळून टाकतं, फॅट तेवढी राहते, बाटली यंत्रात गरगर फिरवायची, गरम पाणी घालायचं, फॅट मानेत वर येते आणि मानेवरच्या खुणांवर सरळ टक्का वाचायचा. आणि त्यांनी पेटंट घेतलं नाही, कुणीही वापरा म्हणाले. या टेस्टने बायबलपेक्षा जास्त लोकांना प्रामाणिक केलं असं हॉर्डसाहेब म्हणाल्याचं सांगतात.

आपल्याकडे सोसायटीत चालायची ती गर्बर टेस्ट, त्याच कुळातली पण स्वित्झर्लंडची. दहा मिली ॲसिड, पावणेअकरा मिली दूध, एक मिली अमाईल अल्कोहोल, बूच लावायचं आणि फडक्यात गुंडाळून हलवायचं, कारण ब्युटिरोमीटर, म्हणजे टेस्टची ती काचेची नळी, असा तापतो की उघड्या हाताने धरवत नाही. सकाळी सहाला कॅनांच्या रांगेत उभं राहून काचेतली ती पिवळी धार वर येताना बघणारे चेहरे मी हजार वेळा बघितलेत. साडेतीनच्या खाली फॅट लागली की दर कापला. आता मशीन आलंय, आकडा टिकटिक येतो, पण भांडणं तीच.

इथे एक चूक आधीच दुरुस्त करतो कारण फिरायला गेलात तर कुणीतरी सांगेल की बॅबकॉक टेस्ट याच गोठ्यात लागली. नाही. टेस्ट १८९० ची, गोठा नंतरचा. गोठ्याचं स्मारक झालं ते वेगळ्याच कामासाठी, आणि माझ्या मते ते काम टेस्टपेक्षा मोठं आहे.

झालं असं की त्या काळात जनावराचा खुराक ठरवायचा तो जर्मन तक्त्यांवर. प्रोटीन किती, कार्बोहायड्रेट किती, स्निग्ध किती, प्रयोगशाळेत काढायचं, बेरीज जुळली की खुराक बॅलन्स. मग ते प्रोटीन मक्यातून आलं काय आणि गव्हातून आलं काय, गाईला काय कळतंय. बॅबकॉकना हे पहिल्यापासून पटत नव्हतं. न्यूयॉर्कला असताना त्यांनी गाईचा चारा आणि गाईचं शेण दोन्हीचं पृथक्करण केलं आणि आकडे बघून त्यांना हसू आलं, कागदावर दोन्हींत फारसा फरकच दिसेना. एकदा कुणाला तरी त्यांनी विचारलं म्हणे, की दगडी कोळशात पण हे घटक निघतात, मग डुकराला कोळसा घालून चालेल का. समोरचा चिडला. मला हा माणूस आवडतो तो यासाठी. लॅबमधला असून त्याने गाईच्या तोंडाकडे बघितलं.

मग त्यांना प्रयोग करायचा होता, आणि प्रयोगाला गाई लागतात, आणि गाई होत्या पशुसंवर्धन विभागाच्या कार्लाइल नावाच्या प्रोफेसरांकडे. कार्लाइल गाई द्यायला तयार नाहीत. शेवटी एक छोटा प्रयोग कबूल झाला, मिठाचा. आठ गाईंना मीठ द्यायचं, आठ गाईंना नाही. बिनमिठाच्या गाई खंगत गेल्या, त्यातली एक मेली, कार्लाइलनी तिथल्या तिथे प्रयोग बंद करून सगळ्यांना मीठ चालू केलं, बाकीच्या सावरल्या. मग १९०१ ला खूप मिनतवारी करून बॅबकॉकना दोन गाई मिळाल्या, फक्त दोन, एकीला मका, एकीला ओट आणि ओटाचं काड. तीन महिन्यांत ओटवाली मेली. परत बंद. आणि बॅबकॉकनी कुठली गाय किती खाते त्याची नोंदच नीट ठेवली नव्हती म्हणून ते छापता पण आलं नाही. ताई, पुस्तकवाले कार्लाइलना खलनायक करतात, मी नाही करणार. दावणीच्या गाईची जबाबदारी ज्याच्यावर असते ना त्यालाच कळतं. उद्या एखादा शास्त्रज्ञ मला म्हणाला की डॉक्टर तुमच्या आठ गाभण गाईंचं मीठ बंद करतो बघू काय होतंय, तर मी त्याला चहा पाजून गेटपर्यंत सोडून येईन.

कार्लाइल गेले, त्यांच्या जागी हंफ्री आले. १९०६ ला एडविन हार्ट हे केमिस्ट आले, १९०७ ला एल्मर मॅकॉलम हा तरुण पोरगा येल युनिव्हर्सिटीतून आला, आणि हॅरी स्टीनबॉक तेव्हा विद्यार्थी होता, विस्कॉन्सिनच्याच शेतकऱ्याचा मुलगा. बॅबकॉक साठी ओलांडलेले. आणि मे १९०७ मध्ये या बुरूजवाल्या गोठ्यात सोळा कालवडी बांधल्या.

चार चारचे चार गट. एका गटाला फक्त मक्याचं झाड, म्हणजे दाणे, ग्लुटेन आणि कडबा सगळं मक्याचंच. दुसऱ्याला फक्त गहू, दाणे आणि काड. तिसऱ्याला फक्त ओट. चौथ्याला तिन्हींचं मिश्रण. प्रोटीन आणि ऊर्जा चारी गटांत कागदावर बरोबर तेवढीच. मीठ सगळ्यांना, पाणी सगळ्यांना. जर्मन तक्ते खरे असतील तर सोळाही कालवडी सारख्या दिसायला पाहिजेत.

पहिले काही महिने तशाच दिसत होत्या, आणि मला वाटतं इथेच कुणी घाईचा माणूस असता तर प्रयोग गुंडाळला असता. वजनं जवळपास सारखी वाढत होती. काट्यावर फरक नाही. पण वर्षभराने गोठ्यात शिरणाऱ्या कुणालाही दिसायला लागलं. मक्याच्या कालवडी तुकतुकीत, अंगावर हात ठेवला तर घसरावा अशा. गव्हाच्या कालवडींचे केस उभे, राठ, अंग लहान दिसतंय, पोट ओढलेलं. ओट आणि मिश्रणवाल्या मधल्या. गाभण सगळ्या राहिल्या, त्यात अडचण आली नाही. खरा निकाल लागला विताना. मकावाल्यांची वासरं दिवस भरून झाली, उठली, प्यायली. गहूवाल्यांनी तीन चार आठवडे आधीच टाकली, काही मेलेलीच, काही जन्मली आणि काही तासांत गेली. ओटवाल्यांची वासरं दुबळी. दुधातही गहूवाल्या कुठल्या कुठे मागे. आणि मग त्यांनी सगळ्यात चांगली गोष्ट केली, वैरण उलटी केली. गव्हाच्या गाईंना मका घातला तर त्या सुधारल्या आणि पुढच्या वेताला धड वासरं दिली, मक्याच्या गाईंना गहू घातला तर त्या ढासळल्या. म्हणजे गाय खराब नव्हती, नशीब खराब नव्हतं, चाऱ्यात काहीतरी होतं जे त्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात नव्हतं. १९११ ला हे छापलं, नावं हार्ट, मॅकॉलम, स्टीनबॉक, हंफ्री. बॅबकॉकांचं नाव त्यात नाही.

ते काहीतरी म्हणजे काय हे त्यांना तेव्हा माहिती नव्हतं, आपल्याला माहितीये. मुख्य म्हणजे व्हिटॅमिन ए, म्हणजे ते ज्यापासून गाय स्वतः बनवते ते कॅरोटीन, पिवळ्या मक्यात आणि मक्याच्या पानात असतं, वाळलेल्या गव्हाच्या काडात जवळजवळ नसतंच. आणि काडात कॅल्शियमची पण मारामार.

आता माझी गोष्ट सांगतो. दुष्काळात छावण्या होत्या तेव्हाची. चारा नाही, वरून जो मिळेल तो, आणि बऱ्याच ठिकाणी महिनोन्महिने गव्हाचा भुसा आणि ऊसाचं वाढं, हिरवं म्हणून काही नाही. एका म्हातारबांनी मला हाक मारली, म्हशीचं रेडकू दाखवायला. आठ दिवसांचं. म्हणाले डॉक्टर हे खुळं आहे, आईला सोडून भलतीकडेच जातंय. डोळे बघितले तर मोठे, काळेभोर, छान उघडे, वरून काही दोष नाही. डोळ्यासमोर एकदम हात नेला, पापणी हलली नाही. परत नेला, नाही. सोडलं तर ते चार पावलं सरळ गेलं आणि बैलगाडीच्या चाकाला जाऊन धडकलं, आणि तिथेच उभं राहिलं, नाक चाकाला लावून. जन्मतःच आंधळं. त्या आठवड्यात तशी तीन बघितली. जन्मलेल्याला काही करता येत नाही, डोळ्याची नस आईच्या पोटातच दबलेली असते. पण ज्या म्हशी अजून व्यायच्या होत्या त्यांना व्हिटॅमिन ए टोचलं, कुठून कुठून हिरवा घास, शेवरीचा पाला, काय मिळेल ते घालायला सांगितलं. म्हातारबा म्हणाले पोटभर तर खाल्लंय की हिनं. बरोबर आहे, पोटभरच खाल्लं होतं. त्या गव्हाच्या चार कालवडींनीही पोटभरच खाल्लं होतं. कॉलेजला असताना हा प्रयोग मी चार मार्कांची टीप म्हणून पाठ केला होता, कळला त्या चाकापाशी.

गाईवरचा प्रयोग म्हणजे चार वर्षं. कालवड गाभण जाणार, नऊ महिने, मग वीत, मग दूध. मॅकॉलम तरुण, त्याला दम निघेना. तो म्हणाला उंदीर पाळतो, उंदराचं आयुष्य छोटं, निकाल पटकन. आधी म्हणे जुन्या घोड्यांच्या पागेतले उंदीर पकडले, ते चावरे आणि बिथरलेले, कामाचे नाहीत. मग शिकागोच्या दुकानदाराकडून डझनभर पांढरे उंदीर स्वतःच्या पैशाने आणले, १९०८ ला. कॉलेजचे वरिष्ठ वैतागले, की शेतकरी ज्या उंदराला मारतो त्याला आपण सरकारी पैशाने खाऊ घालतो हे बाहेर कळलं तर काय तोंड दाखवायचं. बॅबकॉकनी पाठराखण केली. मार्गराइट डेव्हिस नावाची मुलगी कित्येक वर्षं बिनपगारी ते उंदीर सांभाळत होती, वजनं घेत होती. तिची आठवण सहसा कुणी काढत नाही म्हणून मी मुद्दाम काढतो. दोघांना दिसलं की उंदराला स्निग्ध म्हणून डुकराची चरबी किंवा ऑलिव्ह तेल दिलं की काही आठवड्यांनी वाढ थांबते, आणि लोण्यातली किंवा अंड्याच्या पिवळ्यातली स्निग्धता दिली की परत सुरू. १९१३ ला छापलं. तेच पुढे व्हिटॅमिन ए. त्याच वर्षी येलमधल्या दोघांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवलं, त्यामुळे एकट्या मॅडिसनचं श्रेय म्हणता येत नाही.

लोण्यात आहे आणि चरबीत नाही म्हटल्यावर डेअरीवाले काय खूश झाले असतील बघा. विस्कॉन्सिनमध्ये लोण्यासारखं पिवळं रंगवलेलं मार्गारिन, म्हणजे तेला-चरबीचं नकली लोणी, विकायला १८९५ पासून पार १९६७ पर्यंत बंदी होती, एवढी चुरस. आपल्याकडे डालड्याच्या डब्यावर व्हिटॅमिन ए घातल्याचं लिहिलेलं असायचं ते आठवतंय का? वनस्पती तुपात ते घालायची सक्ती झाली ती या लोणी-चरबीच्या फरकामुळेच.

स्टीनबॉकने १९१९ च्या सुमारास पिवळा मका आणि पांढरा मका वेगळा करून दाखवला, पिवळ्यात ए चा गुण आहे, पांढऱ्यात नाही, रंगातच गोम आहे. म्हणजे १९०७ ला जर त्या गोठ्यात पांढरा मका असता तर निकाल एवढा लख्ख लागला नसता असं मला वाटतं, अर्थात पानांनी थोडं तारलं असतं. पुढे १९२४ ला त्याने खाद्यावर अल्ट्राव्हायोलेट किरण टाकून व्हिटॅमिन डी तयार करून दाखवलं, पोरांचा मुडदूस त्यामुळे आटोक्यात आला. आणि याने पेटंट घेतलं, बॅबकॉकांसारखं सोडून दिलं नाही, पण पैसा खिशात न घालता १९२५ ला युनिव्हर्सिटीच्या संशोधनासाठी एक फाउंडेशन निघालं, इंग्रजी आद्याक्षरं डब्ल्यू ए आर एफ, वॉर्फ. उंदराचं औषध वॉर्फरिन ऐकलंय? हृदयाच्या पेशंटना रक्त पातळ करायला देतात तेच. त्या नावातलं वॉर्फ हेच. ते औषध पण गाईंपासूनच निघालं, बुरशी लागलेली स्वीट क्लोव्हर नावाची वैरण खाऊन गाई रक्तस्राव होऊन मरायच्या तिथून. पण ते काम या गोठ्यातलं नाही, उगाच फाटे फोडत नाही.

तर पाडत का नाहीत. बहुतेक जुनी इमारत वाचते ती देखणी असते म्हणून, इथे तसं नाही. देखणी आहेच, पण अमेरिकेच्या सरकारने २००५ ला तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला तो मुख्यतः त्या सोळा कालवडींच्या प्रयोगासाठी, की पोषणाचं नवं शास्त्र सुरू व्हायला हा गोठा कारण झाला. तसे अमेरिकेत गोठे ढिगाने जुने आहेत, आपल्याकडेही पुण्याच्या कृषी महाविद्यालयासारखी शंभर वर्षांवरची ठिकाणं आहेत, पण कुठल्या दावणीला काय झालं याची नोंद अशी तारीखवार ठेवलेली फार कमी ठिकाणी सापडते. १९५० च्या दशकात गाईंसाठी शेजारीच नवी इमारत झाली आणि जुन्या गोठ्यातून दुभती जनावरं हलली. इमारत नंतर कॉलेजच्या इतर कामांना वापरली.

त्याच रस्त्यावर, लिंडन ड्राइव्हवर, स्टॉक पॅव्हिलियन म्हणून अजून एक मोठी इमारत आहे १९०९ ची, जनावरांच्या प्रदर्शनासाठी बांधलेली, मधे रिंगण आणि भोवती पायऱ्या. आवाज तिथे इतका छान घुमायचा की वर्षानुवर्षं गावातल्या गाण्याच्या मैफली तिथेच व्हायच्या, खाली भुसा आणि वर पियानो, आणि शेजारून आगगाडी गेली की वादक थांबायचा. कुस्तीच्या मैदानात सवाई गंधर्व भरवल्यासारखं म्हणा. मुलाला दोन्ही एकाच फेरीत बघता येतील. बॅबकॉक हॉलला आइस्क्रीम घ्यायचं, तळं उजव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे चालत राहायचं, आधी पॅव्हिलियन लागतं, मग थोडं पुढे बुरूज दिसतो. वर छपराकडे बघायला सांगा, हवा जायचे उंच तुरे दिसतात, किंगसाहेबांच्या नळ्यांची तोंडं.

मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मार्च होता, कडेला बर्फ, मुलगी गारठलेली, गाडीत बसून हॉर्न वाजवतेय. मी भिंतीपाशी उभा राहून जोरात श्वास घेतला आणि तिला ओरडून सांगितलं, अगं अजून शेणाचा वास येतोय इथं, सव्वाशे वर्षं झाली तरी. ती म्हणाली बाबा, तो शेजारच्या बिल्डिंगमधून येतोय, तिथे खऱ्या गाई आहेत. बघितलं तर खरंच, पलीकडच्या दारातून एक पोरगी गमबूट घालून घमेलं घेऊन बाहेर येत होती.